आरसी गाडीचे स्क्रू आणि थ्रेडलॉकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोटच्या (आरसी) गाडीचा स्क्रू पळता पळता गळून पडला की लगेच प्रश्न येतो, 'कुठला थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) घेऊ?' त्याआधी स्वतःला एक विचारावं: स्क्रू लावताना तो पुसला होता का? खालच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. उत्तरांत 'निळा' म्हटलं आहे तिथे लॉकटाइट कंपनीचा २४३ किंवा त्या जातीचा मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर समजावा.

१. थ्रेडलॉकर म्हणजे नक्की काय? फेविक्विकचाच भाऊ ना?

नाही, दोघांचा स्वभाव उलटा आहे. फेविक्विकला हवेतला ओलावा लागतो. थ्रेडलॉकर हवेत कितीही वेळ ठेवला तरी ओलाच राहतो. हवेतला ऑक्सिजन मिळेनासा झाला आणि त्याच वेळी धातूचा स्पर्श झाला, तरच तो घट्ट होतो. स्क्रू आणि नटाचे आटे एकमेकांना सगळीकडून टेकत नाहीत, एका बाजूला बारीक फट राहते. त्या फटीत हा द्रव शिरतो, हवा अडते आणि त्याचं कडक प्लास्टिक बनतं. ही रसायनं बाजारात आणली ती अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी, १९५३ च्या सुमारास. त्यांच्या कंपनीचं 'लॉकटाइट' हे नाव आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात आता कुठल्याही थ्रेडलॉकरला वापरतात. त्यामुळे 'लॉकटाइट द्या' एवढंच सांगू नका, नंबरही सांगा.

२. स्क्रू चांगला आवळला तरी सुटतो कसा? स्प्रिंग वॉशर घातला तर भागणार नाही का?

स्क्रूच्या दांड्याला आडवे हादरे बसले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर नाहीसं होतं आणि स्क्रू केसभर मागे फिरतो. असे हजारो हादरे बसले की तो बाहेर येतो. जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये हे यंत्रावर मोजून दाखवलं. आडव्या हादऱ्यांपुढे स्प्रिंग वॉशर जवळजवळ निरुपयोगी ठरतो, हेही अशा चाचण्यांतून दिसलं आहे. आरसी गाडीत तर मोटर मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे घेते आणि उडी मारून खाली आपटल्यावर आडवे हादरेही बसतात. वॉशर काढून टाका असं नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

३. जांभळा, निळा, लाल, हिरवा. मी कुठला घेऊ?

एकच बाटली घ्यायची असेल तर निळा २४३. दुसरी परवडत असेल तर जांभळा २२२. आरसी गाडीला याहून जास्त काही लागत नाही.

जांभळा कमी ताकदीचा आहे. एम २ आणि एम २.५ च्या (म्हणजे २ आणि २.५ मिलिमीटर जाडीच्या) स्क्रूंना तोच लावावा, कारण त्यांचं डोकं इतकं लहान असतं की निळ्याशी झुंजताना ॲलन-कीचं (षटकोनी चावीचं) भोकच गोल होतं. निळा एम ३ पासून पुढे. एम १० च्या स्टील नट-बोल्टवर पकड सोडवायला २२२ ला सुमारे ६ आणि २४३ ला सुमारे २६ न्यूटन-मीटर जोर लागतो. यावरून दोघांतला फरक कळेल. लाल (२६२, २७१ वगैरे) कायमच्या जोडासाठी असतो आणि तो तापवल्याशिवाय सुटत नाही. जी गाडी दर आठवड्याला खोलायची आहे तिला लाल लावून आपणच आपली पंचाईत करून घ्यायची, दुसरं काय!

हिरव्यात गोंधळ होतो. २९० हा पाण्यासारखा पातळ हिरवा आधीच आवळलेल्या स्क्रूच्या कडेने आत झिरपतो. पण ६३८ किंवा ६४८ सुद्धा हिरवेच आणि ते बेअरिंग, बुश जागेवर बसवायचे. रंग ही कंपन्यांची आपापली सोय आहे, कुठलाही कायदा नाही. दुसऱ्या ब्रँडची बाटली असेल तर रंग सोडा, लेबलवरची ताकद वाचा.

४. गाडीत कुठे कुठे लावायचा?

साधा नियम: धातूचा स्क्रू धातूच्या आट्यांत जात असेल तर लावायचा, प्लास्टिकमध्ये जात असेल तर नाही. मोटर माउंटचे स्क्रू, पिनियनचा (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा) ग्रब म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू, सीव्हीडीची (चाक फिरवणाऱ्या सांध्याच्या दांड्याची) पिन धरणारा ग्रब स्क्रू, ॲल्युमिनियम हबमधले बॉल स्टड (गोल डोक्याचे स्क्रू), धातूच्या डिफ केसवर (डिफरन्शियलच्या डबीवर) रिंग गिअर धरणारे स्क्रू, ॲल्युमिनियमचा सर्वो हॉर्न (स्टीअरिंग फिरवणाऱ्या मोटरवरचा छोटा दांडा) आणि नायट्रो म्हणजे इंधनावरच्या गाडीत इंजिन माउंट, या जागा चुकवू नका.

टर्नबकलला (लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या दांड्याला) लावू नका. तो फिरवून टो आणि कॅम्बर (चाकांचे कोन) लावायचा असतो आणि त्याची टोकं बहुतेक प्लास्टिकमध्येच असतात. स्टीअरिंगच्या बेलक्रँकमध्ये (सर्वोचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या तुकड्यात) किंवा किंगपिनला (चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) पायरीचा, म्हणजे डोक्याखाली गुळगुळीत भाग असलेला, स्क्रू असेल तर थेंब फक्त आट्यांवर. गुळगुळीत पायरीवर गेला तर जो भाग हलायला हवा तोच जाम होतो.

५. माझ्या गाडीची चेसिस प्लास्टिकची आहे आणि स्क्रू सुटतात. थोडासा लावला तर काय बिघडतं?

दोन गोष्टी बिघडतात. प्लास्टिकमध्ये धातू नाही, म्हणून थ्रेडलॉकर घट्ट होत नाही, ओलाच राहतो. ओला थ्रेडलॉकर वंगणासारखा असतो, म्हणजे स्क्रू आधीपेक्षा लवकर सुटणार. आणि प्लास्टिक पॉलिकार्बोनेट, एबीएस किंवा ॲक्रिलिक असेल तर त्याला ताणाच्या जागी बारीक भेगा पडतात. काचतंतू घातलेलं नायलॉन, म्हणजे बहुतेक सस्पेन्शन आर्म आणि गिअरबॉक्स, भेगांच्या बाबतीत तग धरतं, पण पकड तिथेही मिळत नाही.

प्लास्टिकमधला स्क्रू सुटतो तो बहुतेक वेळा आटे गेल्यामुळे. पुन्हा लावताना आधी स्क्रू उलटा फिरवा. 'टक' करून जुन्या आट्यात बसल्याचं हाताला जाणवलं की मग पुढे फिरवा. तसं न करता दाबून घातला तर दर वेळी नवे आटे पडतात आणि चार-पाच वेळांत भोक गुळगुळीत होतं. भोक गेलंच असेल तर तीन-चार मिलिमीटर लांब स्क्रू घाला, खाली नवं प्लास्टिक मिळेल. तेही जमत नसेल तर भोकाच्या कडेला पातळ फेविक्विकचा एक थेंब फिरवा, पूर्ण सुकू द्या आणि मगच स्क्रू घाला. ओला असताना घातलात तर स्क्रू जन्माचा अडकेल. ही तात्पुरती डागडुजी आहे, नवा भाग मागवून ठेवा.

६. लावायची नीट पद्धत काय? किती लावायचा?

स्क्रू आणि भोक दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्क्रू कापडात धरून फिरवायचा आणि भोकात कापूस गुंडाळलेली काडी घालायची. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो. नव्या स्क्रूवरही कारखान्याचं तेल असतं, त्यामुळे 'नवाकोरा आहे, पुसायचं कशाला' हे चालणार नाही. २४३ थोडं तेल सहन करतो, २२२ तेवढा करत नाही.

एम ३ ला मोहरीच्या दाण्याएवढा थेंब, एम २ ला त्याच्या निम्मा. बाटलीचं तोंड स्क्रूला लावू नका (का ते प्रश्न १८ मध्ये). थेंब कागदावर काढा आणि टूथपिकने जे आटे भोकात बसणार आहेत त्यांतल्या दोन-तीनांवर फिरवा. सगळा स्क्रू माखायची गरज नाही, आवळताना तो आपोआप पसरतो. डोक्याखाली निळी रेघ बाहेर आली तर थेंब जास्त झाला, पुसून टाका.

आवळताना हात जरा हलका ठेवा. ओला थ्रेडलॉकर आट्यांना वंगण देतो, त्यामुळे नेहमीच्याच जोरात स्क्रू जास्त ताणला जातो आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. एकदा आवळला की हात काढायचा. पंधरा मिनिटांनी 'अजून अर्धा फेरा' दिलात तर बनत आलेली पकड तुटते आणि ती परत जोडली जात नाही.

७. लावल्यावर किती वेळाने गाडी पळवता येईल?

कोरड्या स्टीलवर, २२ अंश तापमानाला, निळा दहा-वीस मिनिटांत धरतो. पूर्ण ताकद चोवीस तासांनी येते. पण आरसी गाडीत स्क्रू स्टीलचा आणि भोक ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचं असतं. तिथे थ्रेडलॉकर संथपणे धरतो, म्हणून रात्री लावून सकाळी चालवणं बरं. डिसेंबरात नाशिककडे खोलीतच बारा-तेरा अंश असेल तर पूर्ण दिवस द्या. विदर्भाच्या उन्हाळ्यात घाई केली तरी खपून जातं. पावसाळ्यातल्या दमटपणाने फरक पडत नाही, याला ओलावा लागतच नाही.

८. पिनियन दर दोन बॅटऱ्यांनी सैल होतो. निळ्याने भागत नाही, आता लाल लावू का?

लाल नको. आधी तो सैल का होतो ते पाहा.

मोटरच्या शाफ्टवर एक बाजू घासून सपाट केलेली असते. ग्रब स्क्रूचं टोक त्या सपाटीवर बरोबर मधोमध बसायला हवं. तो सपाटीच्या कडेला किंवा गोल भागावर आवळला असेल तर कुठल्याही रंगाचा थ्रेडलॉकर त्याला धरून ठेवणार नाही.

मोटर बाहेर काढा. शाफ्ट, पिनियनचं भोक आणि ग्रब स्क्रू अल्कोहोलने पुसा. ग्रब स्क्रूवर निळ्याचा छोटा थेंब लावून तो पिनियनमध्ये इतपत फिरवा की टोक आतून जेमतेम दिसेल. आता मोटर अशी धरा की शाफ्ट जमिनीकडे राहील. थेंब ओघळला तर तो मोटरच्या बेअरिंगपासून लांब जायला हवा. पिनियन चढवा, स्क्रू सपाटीला टेकेपर्यंत फिरवा आणि पिनियन बोटांनी डावी-उजवीकडे हलवत हलवत हळूहळू आवळा. एका जागी हलणं थांबतं आणि स्क्रू सपाटीवर पूर्ण टेकल्याचं कळतं. तिथे शेवटचा जोर द्या.

३.१७ मिलिमीटर शाफ्टच्या पिनियनला सहसा एम ३ चा ग्रब असतो आणि त्याला १.५ ची ॲलन-की लागते. ही की झिजली की ती अर्ध्या जोरातच घसरते आणि आपल्याला वाटतं स्क्रू आवळला गेला. पिनियन सैल होण्यामागे झिजलेली की हे कारण वरचेवर सापडतं. चांगल्या पोलादाची की घ्या, थ्रेडलॉकरवर खर्च नंतर करा. काही अमेरिकन पिनियनना इंची माप असतं, ०.०५० इंच म्हणजे १.२७ मिलिमीटर. त्यात १.५ ची जात नाही आणि १.२ ची सैल बसते. ५ मिलिमीटर शाफ्टला मोठा ग्रब येतो, तिथे हा त्रास कमी.

शाफ्टला सपाटी नसेलच तर रोटरी टूलने पाडावी लागेल. त्या वेळी मोटर ओल्या फडक्यात पूर्ण गुंडाळा. आतले चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतात आणि तो परत निघता निघत नाही.

९. एका बाजूने बंद असलेल्या भोकात स्क्रू पूर्ण जातच नाही. थ्रेडलॉकर लावल्यापासूनच असं होतंय.

द्रव तळाशी अडकला आहे. तो दाबला जात नाही, म्हणून स्क्रू वरच थांबतो आणि आवळल्यासारखा वाटतो. स्क्रू काढा, भोकातला जास्तीचा द्रव कापसाच्या काडीने टिपा. बंद भोकात स्क्रूवर थेंब लावला तर आतली कोंडलेली हवा बाहेर पडताना तो वर ढकलते. टूथपिकने भोकाच्या आतल्या आट्यांनाच पातळ हात फिरवला की दोन्ही अडचणी मिटतात.

१०. नायलॉन इन्सर्टच्या नटला लावायचा का? चाकांचे नट सुटतात.

नाही. आतली नायलॉनची कडी आट्यांना पकडते, तेच त्याचं लॉक. ती झिजली की नट बोटांनीच फिरू लागतो, तेव्हा नट बदला. चाकांचे नट सुटत असतील तर चाकामागचा हेक्स (चाक ज्यावर अडकतं तो षटकोनी तुकडा) आणि त्याची पिन पाहा. पिन वाकली असेल तर चाक हेक्सवर डुगडुगतं आणि नट मागे सरकत राहतो. क्लॅम्पवाल्या ॲल्युमिनियम हेक्सच्या एम २-एम २.५ स्क्रूला मात्र जांभळा लावा.

११. सीव्हीडीची पिन निसटून गिअरबॉक्स फुटला. ग्रब स्क्रूला निळा लावला होता.

हा भाग चिखल आणि ग्रीसमध्ये फिरतो, त्यामुळे लावताना जोडात ग्रीस उरलेलं असण्याची शक्यता मोठी. सगळा जोड सोडून प्रत्येक भाग अल्कोहोलमध्ये खळबळून काढा, वाळवा, पिन घाला आणि ग्रबला निळा लावा. ग्रीस दुसऱ्या दिवशी, थ्रेडलॉकर धरल्यावर. आधी ग्रीस लावून मग थ्रेडलॉकर लावायचा क्रम असला तर त्याचा काही उपयोग नाही. ज्या पिनवर ग्रब बसतो तिला खाच नसेल तर खाचेची पिन मिळते का पाहा.

१२. स्क्रू हलत नाही. जोर लावला तर हेक्स (डोक्यातलं षटकोनी भोक) गोल होईल असं वाटतंय.

थांबा आणि तापवा. सोल्डरिंग आयर्न ३५० ते ४०० अंशांवर ठेवा, टोकाला थोडं सोल्डर घ्या म्हणजे उष्णता नीट उतरते आणि ते टोक स्क्रूच्या भोकात टेकवून धरा. एम ३ ला तीस ते साठ सेकंद. ॲल्युमिनियमची जाड चेसिस उष्णता ओढून घेते, तिथे वेळ वाढवा. मग ताबडतोब, गरम असतानाच, चांगली की घालून एकाच स्थिर जोराने फिरवा. आधी काहीच हलत नाही, मग एक बारीक कुरकुर ऐकू येते आणि स्क्रू लोण्यात फिरल्यासारखा सुटतो. गार होऊ दिलात तर पकड पुन्हा येते.

लाल असेल तर जोडाचं तापमान २५० अंशांपर्यंत जायला हवं. आजूबाजूचं नायलॉन त्याच सुमाराला वितळतं, म्हणून काढता येतील ते प्लास्टिकचे भाग आधी काढा. मोटरवर गॅस टॉर्च कधीच नको: साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपुढे कमजोर पडू लागतात. पिनियनला आयर्न टेकवायला हरकत नाही. तापलेल्या थ्रेडलॉकरची वाफ नाकाडोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा.

१३. हेक्स आधीच गोल झालाय. आता?

प्रथम प्रश्न १२ प्रमाणे तापवा. मग जवळच्या मापाचा टॉर्क्स बिट हलक्या हातोडीने ठोकून बसवा. २ मिलिमीटरच्या गोल झालेल्या हेक्समध्ये टी १० सहसा घट्ट बसतो. बटन हेड म्हणजे घुमटासारख्या डोक्याच्या स्क्रूचं डोकं वर आलेलं असतं, त्याला करवतीने खाच पाडून चपटा स्क्रूड्रायव्हरही चालतो. काउंटरसंक (डोकं पृष्ठभागात बुडालेला) असेल तर डोकं ड्रिलने उडवावं लागेल. भाग सुटा झाल्यावर उरलेला दांडा पकडीने फिरवून निघतो, कारण आता त्याच्यावर ताण राहिलेला नसतो.

१४. काढलेला स्क्रू परत वापरताना जुना थर खरवडायचा का?

पांढरी-निळी भुकटी पितळी ब्रशने झाडून अल्कोहोलने पुसा. आट्यांत घट्ट बसलेला पातळ थर राहिला तर चालतो, नवा त्यावर धरतो. भोकातली भुकटी मात्र काढाच, ती बंद भोकाच्या तळाशी साचते. काही स्क्रूंवर कारखान्यातूनच कोरडा निळा पट्टा येतो. त्याच्यात दम पहिल्या एकदोन वेळांपुरताच असतो, पुढच्या वेळेला तो पट्टा नाहीच असं धरून चाला.

१५. स्टेनलेस किंवा टायटॅनियमचे स्क्रू बसवले. थ्रेडलॉकर धरतच नाही.

घट्ट होण्याची क्रिया सुरू करायला लोखंड किंवा तांब्याचे आयन लागतात. पितळेवर तो झपाट्याने धरतो, साध्या स्टीलवर ठीक, आणि स्टेनलेस, टायटॅनियम, ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियमवर रडतखडत. टायटॅनियमचा स्क्रू ॲनोडाइझ्ड भोकात म्हणजे दोन्हीकडून उपास. अशा जोडाला जुन्या २४२ ऐवजी २४३ घ्या आणि पूर्ण चोवीस तास द्या. तरीही धरत नसेल तर ७६४९ सारखा ॲक्टिव्हेटर आधी लावून सुकू द्यावा. मोटर माउंट आणि पिनियनला आम्ही तरी १२.९ दर्जाचं (जास्त ताकदीचं) काळं पोलादच सुचवतो. तिथले चार ग्रॅम वाचवून काही मिळत नाही.

१६. नायट्रो गाडीत वेगळं काही?

इंजिन माउंट आणि क्लच बेलच्या स्क्रूला निळा लावा. १५० अंशांपर्यंत तो टिकतो आणि इंजिनच्या हेडचं तापमान साधारण त्याखालीच असतं. खुद्द हेडचे स्क्रू मात्र कोरडे ठेवून आडव्या जोडीने थोडे थोडे आवळायचे. एक्झॉस्टच्या तोंडाशी याहून जास्त तापतं, तिथे थ्रेडलॉकरवर विसंबू नका. इंधनात तेल असतं आणि ते सगळीकडे उडतं, त्यामुळे पुसण्याचं काम दुप्पट काळजीने करा.

१७. बेअरिंगमध्ये किंवा बॉडीवर सांडला तर?

बेअरिंगमध्ये गेला असेल तर मिनिटांचा खेळ आहे. रबरी सील सुईने उचलून काढा, बेअरिंग ॲसिटोनमध्ये फिरवत धुवा, वाळवा आणि तेलाचा एक थेंब घाला. घट्ट झाला असेल तर नवं घ्या. बॉडी पॉलिकार्बोनेटची असते: लगेच साबणाच्या पाण्याने पुसा. ॲसिटोन तिथे अजिबात नको, ते थ्रेडलॉकरपेक्षा जास्त नुकसान करतं. सर्वोचं कव्हर आणि मोटरचा पंखा यांनाही हेच लागू. हाताला लागला तर धुवा. वारंवार लागत राहिला तर काहींना त्वचेची ॲलर्जी होते आणि ती जात नाही, म्हणून हातमोजे घाला.

१८. बाटली अर्धीच भरलेली आली. फसवणूक ना?

नाही. वरची हवाच त्याला पातळ ठेवते. बाटलीचं प्लास्टिकही हवा आत येऊ देणारं निवडलेलं असतं, म्हणून तो काचेच्या किंवा धातूच्या डबीत ओतू नका. बाटलीचं तोंड स्क्रूला टेकवलं तर धातूचे कण आत जातात आणि काही आठवड्यांत नळी गोठते. सांडलेला थेंबही बाटलीत परत ओतू नका. ठेवण्याची जागा थंड, सावलीची असावी, उन्हात उभ्या कारचा डॅशबोर्ड नव्हे.

तारीख उलटलेली बाटली टाकण्याआधी एक जुना एम ४ नट आणि बोल्ट पुसून त्यावर थेंब लावा, सैलसरच फिरवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बोटांनी फिरवून पाहा. फिरला तर बाटली कचऱ्यात.

१९. थ्रेडलॉकर संपलाय. नेलपॉलिश, टेफ्लॉन टेप किंवा एम-सील चालेल?

नेलपॉलिश डोक्यापासून चेसिसपर्यंत एक रेघ ओढायला उत्तम. रेघ तुटली की स्क्रू फिरला हे लांबूनच कळतं. ही खूण थ्रेडलॉकर लावलेल्या स्क्रूवरही करा. पकड मात्र ती नावालाच देते. टेफ्लॉन टेप निसरडी असते, तिने स्क्रू उलट लवकर सुटतो. एम-सील आट्यांत शिरतच नाही. फेविक्विक धरतो, पण ठिसूळ असतो आणि हादऱ्याने तडकतो. काहीच हाताशी नसेल तर स्क्रू पुसून नीट आवळा आणि दर बॅटरीनंतर मोटर माउंटवर की फिरवून बघा.